सात नंबरचा डबा

धाकू चिंदरकरला कुणी पाळणेवाला म्हटलेलं खपत नसे. पाळणेवाला जत्रेतला, तो पोरांना गोल फिरवून जिथून चढवलं तिथेच उतरवतो. धाकूचा पाळणा माणसांना एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेत होता. मालाडच्या पश्चिमेला वस्ती संपून खाडी सुरू होते, तिथे लोखंडी जिना चढून वर यायचं, चौघांच्या डब्यात बसायचं आणि जाडजूड तारेला लटकत, तिवरांच्या डोक्यावरून, नऊ मिनिटांत पलीकडच्या मौजबेटावर उतरायचं. मौजबेटावर घसरगुंड्या होत्या, भूतबंगला होता, छोटी आगगाडी होती, आणि रविवारी सगळी उपनगरं तिथे लोटत. तिकडे जायला होडी होती, पण ती भरतीची वाट बघत बसायची. बस होती, पण ती खाडीला वळसा घालून तासाभराने धूळ खात पोचायची. तेव्हा धाकूच्या मते तो होता वाहतूक खात्यातला. कागदावर त्याला ‘केबिन अटेंडंट’ म्हणत. ते त्याला धड म्हणता येत नसे, पण ऐकायला बरं वाटे.

कामात तो कडक होता. डबा फलाटावर येऊन मंदावला की दांड्याला धरून सोबत चार पावलं चालायचं, दार उघडायचं, माणसं उतरवायची, नवी चढवायची, दार ओढून खिटी लावायची आणि ती लागली की नाही ते दोनदा हिसडून बघायचं. जाड माणसं एका बाजूला बसली की तो सरळ त्यांना उठवून समोरासमोर बसवी. एका गुजराथी शेठाणीला त्याने तिच्या नवऱ्यापासून असं वेगळं केलं तेव्हा ती म्हणाली, वीस वर्षांत पहिल्यांदाच कुणी माझ्या मनातलं ऐकलं. सुपरवायझर विद्याधर साहेब पार्ल्याचे, बोलायला मऊ, पण तासाला किती डबे गेले याचा हिशेब ठेवणारे. त्यांनी सुरुवातीला धाकूला दोनदा टोकलं की एवढी हिसडाहिसडी नको, वेळ जातो. धाकूने हो म्हटलं आणि हिसडणं चालू ठेवलं. नंतर साहेबांनी नाद सोडला.

बावन्न वर्षांचा, काटकुळा, डाव्या कानाने जवळजवळ बहिरा असा हा माणूस त्या फलाटावर इतका सुखात होता, की बघणाऱ्याला वाटावं, याच्या आयुष्यात कधी काही बिनसलंच नाही. तसं काही नव्हतं. चोवीस वर्षं तो गिरणीत साचेखात्यात होता, चार साचे, म्हणजे माग, चालवायचा, आणि ब्याऐंशीच्या संपात जे हजारोंचं झालं तेच त्याचं झालं. लालबागची खोली गेली, कुरार गावात दहा बाय बाराची आली. भाजी विकून झाली, वॉचमनकी करून झाली. त्या दिवसांत घर चाललं ते मुलीवर. प्रेमा तेव्हा एकोणीस वर्षांची, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला सायन्स शिकत होती. एका संध्याकाळी धाकूने तिला सांगितलं की उद्यापासून जाऊ नकोस, अंधेरीला सीप्झमध्ये पोरी घेतायत.  दुसऱ्या दिवसापासून ती भिंगाखाली डोळे घालून रेडिओच्या सर्किटच्या चकत्यांवर कथलाचे डाग द्यायला लागली. या गोष्टीचा उल्लेख त्या घरात पुन्हा कधी झाला नाही. धाकूला तो करायचा होता, रोज करायचा होता, पण काही काही शब्द माणसाच्या घशात कायमचं बिऱ्हाड करतात.

आता धाकूच्या विद्येबद्दल सांगायला हवं, कारण तिच्याशिवाय पुढचं काही घडलंच नसतं.

साचेखात्यात चारशे साचे एकदम धडधडायला लागले की कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी शब्द पोचत नाही. मग तिथली माणसं आवाज वापरतच नाहीत. ओठ जरा ठळक हलवायचे, भुवईने प्रश्न विचारायचा, दोन बोटांनी विषय दाखवायचा. दहा साचे पलीकडच्या माणसाशी अशा गप्पा चालत, आणि त्यात घरचं आजारपण, गावचा पाऊस, मुकादमाची सात पिढ्यांची कुंडली, सगळं येई. नवा माणूस सहा महिन्यांत शिकायचा. धाकूचा कान जसजसा गेला तसतसे त्याचे डोळे कानाचं काम करायला लागले. साचेखात्याचा एक कायदाही होता: साच्यावरचं बोलणं साच्यावर ठेवायचं. दुसऱ्याच्या ओठांवरून जे मिळालं ते फाटकाबाहेर न्यायचं नाही. घरी ही विद्या फक्त प्रेमाने उचलली. लहानपणी बाबा ऐकत नाहीत म्हणून ती ओठांनी बोलायला शिकली, आणि पुढे रुक्मिणी झोपलेली असताना बाप-लेकी चिडीचूप गप्पा मारत. रुक्मिणी, म्हणजे धाकूची बायको, जागी होऊन म्हणे, काय ह्या मुक्यांच्या बाजारात येऊन पडलंय मी.

तर डबा खाडीवरून परत येताना शेवटच्या मिनिटाला फलाटाच्या समोर येतो, मंदावतो, आणि पुढे तोंड करून बसलेल्या माणसाचा चेहरा काचेतून अगदी स्वच्छ दिसतो. धाकूला वाचायचं नसलं तरी वाचलं जाई. डोळे मिटून दार कसं उघडणार? नवरे बायकांना सांगत असत की मला अजिबात भीती वाटली नाही, त्यावरून वाटली हे कळे. सासवा सुनांविषयी बोलत आणि दार उघडताच हसत. धाकू हे सारं वाचून गंभीर चेहऱ्याने दार उघडी. त्याची करमणूक मौजबेटावरच्या कुठल्याही खेळापेक्षा वरचढ होती आणि वर पगारही मिळत होता.

लग्नांचं प्रकरण आपोआप सुरू झालं. पहिलं कुटुंब मुलुंडचं. मुलगा-मुलगी बघण्याचा कार्यक्रम कुणाच्या तरी घरी उरकला होता, पण मुलाला मुलीशी चार शब्द बोलायचे होते. आता आमच्या उपनगरांतल्या खोल्यांत ही चार शब्दांची सोय कुठे असते? दोघांना गॅलरीत पाठवलं तर शेजारी गॅलरीत येतात. स्वयंपाकघरात पाठवलं तर स्वयंपाकघर म्हणजे पडद्याच्या पलीकडची तीन फूट जागा. म्हणून त्यांनी सगळ्यांनी मिळून मौजबेटाला जायचं ठरवलं, आणि डब्यात बसताना मुलीच्या मामाने हळूच धाकूला विचारलं, या दोघांना एक डबा मिळेल का. धाकूने सात नंबरचा पिवळा डबा दिला. पलीकडच्या फलाटावर अण्णा असे, त्याला फोन करून सांगितलं की सात नंबर उघडू नको, तसाच परत सोड. जाऊन-येऊन अठरा मिनिटं, जमिनीपासून साठ फूट वर, ना शेजारी ना मामा. दीड महिन्याने मामा पेढे घेऊन आले.

मग बातमी फुटली. घाटकोपरहून आले, बोरिवलीहून आले, एक तर थेट डोंबिवलीहून. वर्षभरात अकरा लग्नं सात नंबरमध्ये जमली. धाकूला निकाल बाकी सर्वांच्या मिनिटभर आधी कळे. मुलगा येताना ‘मी चहात साखर घेत नाही’ असलं काही सांगत असली की समजावं, ठरलं. एका मुलाने मुलीच्या रंगाबद्दल तिच्या तोंडावर काही वंगाळ म्हटलेलं त्याने वाचलं, तेव्हा त्या मुलाच्या सबंध कुटुंबाला त्याने मौजबेटाला जाताना भर दुपारी उन्हात तापलेला डबा दिला. याहून जास्त त्याने कधी काही केलं नाही. कायदा म्हणजे कायदा. रुक्मिणीला मात्र हे सगळंच पसंत नव्हतं. दुसऱ्याची चिठ्ठी फोडून वाचण्यातला हा प्रकार आहे, असं ती म्हणायची.

पेढ्यांचे अकरा पुडे घरी आले तरी प्रेमाचं काही जमत नव्हतं. पंचवीस पूर्ण झाली होती. तीन स्थळं आली आणि पांगली. दोघांनी कळवलंच नाही, तिसऱ्याने पत्रिका पुढे केली. धाकूला वाटे, याला जबाबदार आपण. कॉलेज सोडलेली मुलगी, कुरारची खोली, संपात बसलेला बाप. तिचं चांगल्या घरी लग्न झालं की आपल्या डोक्यावरचं ते एक जुनं ओझं उतरेल, हे तो मनात घोळवी, आणि कधी कधी रुक्मिणीपाशी बोलूनही दाखवी. एका खोलीच्या घरात रुक्मिणीशी बोललेलं प्रेमाला ऐकू येत नसेल, असं त्याने का धरून चालावं, देव जाणे.

अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यात चौथं स्थळ आलं. मुलगा नंदकुमार, घरचे नंदू म्हणत, टेलिफोन खात्यात कामाला, वाकोल्याला राहणारा. वडील नाहीत. आई वनमालाबाई, घरीच असतात, असं मध्यस्थाने सांगितलं. घरगुती बघणं झालं, पोहे झाले, मुलगा शांत वाटला. धाकूला राहवलं नाही. तो म्हणाला, दोघांना एकदा सात नंबरमध्ये बसवू या. मध्यस्थ हसला, पण वनमालाबाईंना ते पटलं. प्रेमाने मान हलवली. तिला काय वाटतं हे कुणी विचारलं नाही, कारण ती हो म्हणेल हे सर्वांना माहीत होतं.

आदल्या संध्याकाळी रुक्मिणीने भाकरी थापता थापता नवऱ्याला बजावलं. “लोकांच्या पोरींचा काय वाचायचा ता वाचा. पण उद्या आपल्या प्रेमाच्या तोंडाकडे बघुचा नाय. माजी शपथ आसा तुमका.”

धाकूने शपथ घेतली. तव्यावरची भाकरी हातात घेऊन घेतली, म्हणजे अगदी अन्नाला साक्ष ठेवून. प्रेमा दाराशी बसून धाकूच्या जेवणाच्या डब्याला लागणारी चवळी निवडत होती. तिने वर पाहिलं नाही.

रविवारी दहाला मौजबेट उघडायचं. विद्याधर साहेबांना आधी सांगून ठेवलं होतं, ते म्हणाले साडेनऊला उरका. नऊ पंचवीसला सगळे फलाटावर हजर. नंदूने निळा शर्ट घातला होता आणि कॉलरची घडी अजून तशीच उभी होती. वनमालाबाई ठेंगण्या, करारी, नाकात मोठी नथ नव्हे, पण चमकी. रुक्मिणीने त्यांच्यासाठी घरून स्टीलच्या डब्यात नारळाच्या वड्या आणल्या होत्या आणि त्या कधी द्याव्यात याची तिला काळजी लागली होती.

धाकूने सात नंबर थोपवला. या डब्यात दोन बाकं समोरासमोर होती. एक पुढे तोंड करून, एक मागे. आतापर्यंतच्या साऱ्या मुली मागे तोंड करून बसल्या होत्या, म्हणजे निघताना आईचा चेहरा दिसतो. प्रेमा आत चढली आणि पुढे तोंड असलेल्या बाकावर बसली, बापाकडे पाठ करून. नंदू समोर बसला. धाकूने दार लावलं, दोनदा हिसडलं. डबा फलाटाबाहेर पडला तेव्हा त्याला प्रेमाची वेणी तेवढी दिसली. पोरगीने शपथेवर विश्वास ठेवला नाही, मुद्दाम पाठ केली, असं त्याच्या मनात आलं आणि जरासं लागलं. नंदूचा चेहरा मात्र या बाजूला होता. तो सांगत होता की या उंचीचं मला काही नाही, मी खांबावर चढणारा माणूस. धाकूने तेवढं वाचलं आणि नजर काढून घेतली. शपथ प्रेमापुरती होती, हे त्याने स्वतःला समजावून सांगितलं.

पुढची सतरा मिनिटं लांबली. रुक्मिणीने वड्या काढल्या, वनमालाबाईंनी एक खाल्ली आणि चांगल्या झाल्यात म्हणाल्या. खाडीत ओहोटी होती, तिवरांत बगळे बसले होते. धाकूने रिकाम्या डब्यांच्या काचा पुसायला घेतल्या. घड्याळात सतरावं मिनिट लागलं तसा तो शपथेला जागून तारेकडे पाठ करून उभा राहिला आणि पुसलेलीच काच पुन्हा पुसू लागला. उजव्या कानाशी कुणीतरी पुटपुटलं.

“अगं बाई. हे काय बोलते पोर?”

वनमालाबाई होत्या. डबा अजून चाळीस पावलांवर, बंद काचेचा. त्यातलं बोलणं जगातल्या कुठल्याही कानाला ऐकू येणं शक्य नव्हतं. धाकू वळला तो आधी त्यांच्याकडे. त्यांचे डोळे काचेवर खिळले होते, आणि त्यांचे स्वतःचे ओठ किंचित हलत होते. वाचणाऱ्याचे हलतात तसे. असे हलणारे ओठ त्याने घराबाहेर सहा वर्षांत पाहिले नव्हते.

बाईंना त्याची नजर जाणवली. त्या दचकल्या, मग त्याच्याकडे नीट बघून, आवाज न करता, फक्त ओठांनी म्हणाल्या, साचेखातं?

धाकूनेही तसंच सांगितलं, चार साचे. तुम्ही?

वाइंडिंग खातं, सूत गुंडाळायचं. एकोणीस वर्षं. संपात गेलं.

दोघांच्या शेजारीच रुक्मिणी वड्यांचा डबा धरून उभी होती आणि तिला कसलाच पत्ता नव्हता.  सहा वर्षांनी घराबाहेरचं कुणीतरी धाकूच्या भाषेत बोललं होतं. मध्यस्थ ‘घरीच असतात’ म्हणाला होता. आपल्याबद्दलही चार वर्षं लोक तेच म्हणत होते. हे सगळं डोळ्याची पापणी लवेल इतक्या वेळात झालं, आणि मग त्या ओळखीच्या भरात, काही विचार न करता, शपथ, भाकरी, अन्नसाक्ष सगळं विसरून त्याने काचेकडे बघितलं.

डबा पलीकडच्या चाकाला वळसा घालून आला होता. जाताना ज्या बाकाची पाठ दिसत होती तेच आता समोर होतं. प्रेमा थेट त्याच्याकडे तोंड करून बसली होती, आणि नंदूला सांगत होती, सावकाश, ठळक ओठांनी, की खाली उतरल्यावर बाबा विचारतील आणि मी हो म्हणणार आहे. तुमच्यात काही वाईट नाही म्हणून हो, आणि बाबांच्या मनावरचं ओझं उतरेल म्हणून हो. पण तुम्हाला फसवायचं नाही. मला आत्ता लग्न नकोय. मला शिकायचंय. संध्याकाळचा कोर्स आहे इलेक्ट्रॉनिक्सचा, दोन वर्षांचा. माझ्यासोबतच्या तिघी लग्न करून कोर्स करू म्हणाल्या, एकीचाही झाला नाही. माझं कॉलेज सुटलं तेव्हा मी रडले नाही, कारण बाबा बघत होते. अजून रडले नाहीये.

डबा फलाटाच्या तोंडाशी आला. नंदूचा चेहरा दिसत नव्हता. निळ्या कॉलरवरचं डोकं तेवढं दिसत होतं. ते डावीकडे कललं.

“हो म्हणतोय,” वनमालाबाई हलकेच म्हणाल्या, या वेळी आवाजात. “लहानपणापासून त्याचं हो असंच. मान डावीकडे टाकतो.”

कशाला हो म्हणतोय, असं रुक्मिणीने विचारलं. पण धाकूला डबा धरायचा होता. तो सोबत चार पावलं चालला. त्या चार पावलांत त्याला कळलं, पेच किती सोपा आणि किती अवघड आहे. गप्प बसलं तर शपथही राहते, साचेखात्याचा कायदाही राहतो, मुलगी हो म्हणते, तुळशीच्या लग्नानंतर बार उडतो, पेढे या वेळी आपण वाटतो. आणि प्रेमा जन्मभर भिंगाखाली डाग देत राहते. बोललं तर पाहुण्यांसमोर, बायकोसमोर कबूल करावं लागतं की मी बघितलं. आजच नाही, अकरा जोड्यांचं बघितलं.

दार उघडलं. नंदू उतरला. प्रेमा उतरली, पदर सारखा केला. रुक्मिणीला धीर नव्हता, तिने तिथेच विचारलं, काय ठरलं गो?

“बाबा म्हणतील तसं,” प्रेमा खाली बघून म्हणाली.

धाकूने डबा सोडून दिला. उघड्या दाराने सात नंबर फलाटावरून पुढे घरंगळला, आणि असं त्याच्या हातून पहिल्यांदाच झालं होतं.

“गिरणी बंद पडली तेवां तुजा कॉलेज मी बंद केलंय,” तो म्हणाला. कान गेलेल्या माणसाला आपला आवाज किती चढलाय ते कळत नाही. जिन्यापाशी तिकिटं फाडायला बसलेल्या पोरीनेही मान वर केली. “सगळे म्हणतत संपान केल्यान. संपान नाय. मी केलंय. तुका विचारलंय पण नाय. ता माजा चुकला, प्रेमा.”

रुक्मिणीच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. “तुमी बघितलात,” ती म्हणाली. “माजी शपथ मोडलात.”

धाकूने मान्य केलं. हात जोडून वनमालाबाईंकडे वळला आणि म्हणाला की हा माझा गुन्हा, पोरीचा यात दोष नाही, आता तुम्ही काय म्हणाल ते. वनमालाबाईंनी पदराने वडीचा चुरा पुसला. गुन्ह्यात मी पण भागीदार आहे, असं त्यांनी रुक्मिणीला सांगून टाकलं, आणि मग नंदूकडे बघून म्हणाल्या, दोन वर्षं म्हणजे काही जन्म नाही, आपल्याकडे पाहुण्यांना बसवायला दुसरी खुर्ची यायलाच दोन वर्षं लागतील. नंदू लाल झाला. त्याने मान डावीकडे टाकली.

प्रेमा मात्र बापाकडे बघत राहिली होती. तिचे डोळे भरले होते आणि या खेपेला ती ते अडवत नव्हती. धाकूला वाटलं, रागावली. शपथ मोडली म्हणून, चारचौघांत बोललो म्हणून. तो चाचरत म्हणाला की मी पाठ करूनच उभा होतो, तू पण माझ्याकडे पाठ केली होतीस, मला काय ठाऊक.

“बाबा,” प्रेमा म्हणाली, “डबा पलीकडून वळून येतो हे मला माहीत नाही का? येताना तुमच्यासमोर यावं म्हणून तर त्या बाकावर बसले.”

 खाली जिन्यावर दहाच्या गर्दीची पहिली पावलं वाजायला लागली होती.

“फॉर्म कधी मिळता?” धाकूने विचारलं.

“उद्यापासून.”

“मग उद्या मी सुट्टी घेतंय,” तो म्हणाला, आणि उघडं दार घेऊन निघालेल्या सात नंबरच्या मागे धावला.